रूम टेम्परेचर, मुक्काम अकोला

सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या शोधनिबंधात एक वाक्य हमखास असतं: 'मिळालेला पदार्थ कॉलम क्रोमॅटोग्राफीनं शुद्ध करण्यात आला.' कर्मणी प्रयोग. कोणी केला, किती दिवस केला, करताना त्याच्या तोंडून कोणते शब्द निघाले, याचा पत्ता नाही. आधी पानभर विक्रियेचे बाण, नंतर पानभर स्पेक्ट्रमचे आकडे आणि मध्ये हे एवढंसं वाक्य. वाचणाऱ्याला वाटतं, जेवणाच्या सुट्टीआधी काम उरकलं असेल. वऱ्हाडात त्या वाक्याची लांबी साधारण फेब्रुवारी ते जून असते.

पदार्थ तयार करणं त्या मानानं सोपं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. चाल्कोनच घ्या. अमरावती-अकोल्याकडच्या रसायनशास्त्र विभागांचा चाल्कोनवर जुना जीव. ऑर्थो-हायड्रॉक्सी ॲसिटोफिनोन घ्यायचं, त्यात एखादं बेंझाल्डिहाइड, थोडं इथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण घालायचं, ढवळायचं आणि घरी जाऊन झोपायचं. रात्रभरात जे व्हायचं ते तुमच्याशिवाय होतं. सकाळी येऊन मिश्रण बर्फावर ओतायचं, पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, की पिवळाधमक साका खाली बसतो. विद्यार्थी तो गाळतो, वाळवतो, तोलतो आणि धावत सरांकडे येतो. चौऱ्याण्णव टक्के यिल्ड! एखाद्याचं एकशे आठ टक्केही येतं. त्यात आठ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, थोडं मीठ असतं आणि बाकी उत्साह असतो.

मग सर शांतपणे म्हणतात, "टीएलसी टाक." टीएलसी म्हणजे सिलिकेचा पातळ थर दिलेली काचेची नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी. खाली द्रावणाचा ठिपका द्यायचा, पट्टी सॉल्व्हंटमध्ये उभी करायची, सॉल्व्हंट वर चढतो आणि मिश्रणातला प्रत्येक पदार्थ आपापल्या स्वभावाप्रमाणे कमी-जास्त चढतो. चौऱ्याण्णव टक्केवाल्याच्या पट्टीवर चार ठिपके उमटतात आणि पाचवा 'आहे की नाही' या वर्गातला. त्या क्षणी विद्यार्थ्याच्या आयुष्याचे दोन भाग पडतात.

आता पुस्तकाकडे वळावं, तर तिथे 'रूम टेम्परेचर' असा शब्द येतो. ही रूम कोणत्या गावची, ते पुस्तक सांगत नाही. ती बहुधा युरोपातली, वीस-पंचवीस अंशांची, खिडकीबाहेर धुकं असलेली रूम असावी. आमच्याकडे मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि विभाग नेमका वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबच्या खाली असतो. डायइथिल इथर उकळतं ३४.६ अंशांना. डायक्लोरोमिथेन चाळीसच्या आसपास. पेट इथरच्या बाटलीवर '४०-६०' छापलेलं असतं, म्हणजे तो त्या टप्प्यात उकळतो; नवखा विद्यार्थी तो आठवड्याचा हवामान अंदाज समजतो आणि फारसा चुकत नाही. थोडक्यात, पुस्तकात जे द्रव आहेत त्यातले निम्मे मे महिन्यात अकोल्यात तत्त्वतः वायू आहेत. बाटलीचं बूच सैल केलं की आतून जो फुस्स आवाज येतो, तो ऐकून आमच्या विभागातले परिचर मामा म्हणायचे, "सर, आत्ता नोका उघडू. थे रागात हाये." मामांचं शिक्षण आठवीपर्यंत, पण बाष्पदाबाची याहून नेमकी व्याख्या मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

अमरावतीकर म्हणतात, अकोल्यात पेट इथरची बाटली घेतली तर घरी पोचेपर्यंत नुसता वास उरतो. अकोलेकर म्हणतात, होते थे अमरावतीतही तसंच, फक्त तिथं त्याच्यावर परिसंवाद घेतात.

वाफ झाली तर ती परत थंड करून द्रव करावी, यासाठी कंडेन्सर असतो. त्यातून थंड पाणी फिरवायचं. पुन्हा तोच प्रश्न: कुठलं थंड पाणी? अकोल्याचं पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून आणि टंचाईच्या साली नळ किती दिवसांनी येईल, हा गावाच्या गप्पांचा कायमचा विषय. जे येतं ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत जातं. दुपारी त्या टाकीचं पाणी कंडेन्सरमध्ये सोडलं, तर इथरची वाफ थंड होण्याऐवजी आणखी जोमानं वर निघते आणि मूर्तिजापूरच्या दिशेनं जाते. अमरावतीकरांना अप्पर वर्धा धरणाचा आधार, त्यामुळे त्यांचे कंडेन्सर जरा माणसात असतात. त्यातून नळाच्या धारेवर चालणारा निर्वात पंप म्हणजे ॲस्पिरेटर. एक चमचा पदार्थ गाळून घ्यायला तो बादल्यांनी पाणी मोरीत सोडतो. आठवड्याचं पाणी पिंपात साठवणाऱ्या घरातली पोरगी प्रयोगशाळेत तो नळ सोडते, तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. ती पाणी बंद करते, मग गाळणं बंद पडतं, मग सर ओरडतात.

यावर वऱ्हाडानं जो तोडगा काढला, त्याची नोंद कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. कूलरचा पंप. घरोघरी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी फिरवणारा तो छोटा पाणबुड्या पंप बादलीत सोडायचा, बादलीत बर्फ, पंपाची नळी कंडेन्सरला, कंडेन्सरची नळी परत बादलीत. पाण्याचा थेंब वाया नाही आणि इथर जागेवर. बर्फ मात्र कारखान्यातून पोत्यात गुंडाळून स्कूटरवर आणावा लागतो. उन्हाळ्यात गोळेवाले, रसवंतीवाले आणि चाल्कोनवाले एकाच रांगेत उभे असतात, आणि रांगेत मान अर्थातच गोळेवाल्याचा, कारण त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे.

एवढं झाल्यावर कॉलमची वेळ येते. उभी काचेची नळी, खाली तोटी, बुडाशी कापसाचा बोळा, वर सिलिका. कापूस तर काय, वऱ्हाडात मागाल तेवढा. पण शेतातून खिशात टाकून आणलेला कापूस इथे चालत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, ते पेट इथरमध्ये विरघळतं आणि पहिल्याच फ्रॅक्शनमध्ये उतरतं. दवाखान्यातला कापूस पाणी शोषतो तो हे मेण आधीच काढून टाकलेलं असतं म्हणून. तेव्हा कापसाच्या मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा औषधाच्या दुकानातून कापूस विकत आणतो.

या कॉलमचा मूळपुरुष रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत. त्यानं हिरव्या पानांचा अर्क पेट्रोलियम इथरमध्ये काढला, खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीत ओतला, वरून आणखी सॉल्व्हंट सोडला आणि एका हिरव्यातून हिरवे-पिवळे वेगवेगळे पट्टे सुटे झाले. १९०३ सालच्या मार्चमध्ये वॉर्सात त्यानं यावर व्याख्यान दिलं. लोकांनी बरीच वर्षं लक्ष दिलं नाही. वॉर्सात मार्च महिना शून्य अंशांच्या आसपास असतो, हे त्स्वेतच्या यशातलं एक दुर्लक्षित कारण आहे, असं माझं अकोल्यात तयार झालेलं मत आहे. कारण आमच्याकडे दुपारी बारा वाजता कॉलम लावला की पेट इथर नळीतच उकळायला लागतो. सिलिकेत बुडबुडे येतात, मग आडवी चीर पडते, मग दोन इंचांची फट. नीट, समांतर उतरत असलेले दोन पिवळे पट्टे त्या फटीपाशी एकमेकांत मिसळतात.

"काय झालं बे?"

"सर, कॉलम फाटला."

"काहून?"

"ऊन लागलं सर त्याले."

यात विनोद काही नाही. कॉलमला खरंच ऊन लागतं. म्हणून मार्चनंतर वऱ्हाडातले कॉलम रात्री चालतात. विभागात रात्री थांबायला परवानगीचा अर्ज लागतो; त्यात कारण लिहावं लागतं आणि 'दिवसा उकळते' हे कारण प्रशासनाला समजावून सांगायला वेगळा अर्ज लागतो. एकदा कॉलम सुरू केला की तो कोरडा पडू द्यायचा नाही, हा नियम. म्हणजे वर सॉल्व्हंट ओतत राहायचं, खाली परीक्षानळ्या बदलत राहायच्या. निव्वळ पेट इथर, मग त्यात दोन टक्के इथाइल ॲसिटेट, मग पाच, मग दहा. घाई करून एकदम वीसवर गेलात तर सगळे पदार्थ हातात हात घालून एकत्र उतरतात. पहाटे दोनच्या सुमारास रखवालदार फेरीवर येतो.

"काय करून राह्यले सर एवढ्या रातच्यानं?"

"थेंब पाहून राह्यलो."

"कशाचे?"

"थेच पाहून राह्यलो, कशाचे हायेत."

पहाटेपर्यंत शंभरेक परीक्षानळ्या रांगेत उभ्या. प्रत्येकीची टीएलसी. काही ठिपके अतिनील दिव्याखाली दिसतात, काही आयोडीनच्या बरणीत तपकिरी होतात, काही कशानंच दिसत नाहीत आणि पुढे एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, दिसतात. नळी बारा ते वीस: नको असलेला पदार्थ, अतिशय शुद्ध. नळी एकवीस ते सत्तर: मिश्र. एकाहत्तर ते चौऱ्याहत्तर: हवा असलेला पदार्थ, सिंगल स्पॉट, एकूण वजन चौदा मिलिग्रॅम. चौऱ्याण्णव टक्क्यांचा हिशेब इथे येऊन मिटतो. मिश्र नळ्यांचं काय करायचं? त्या एका गोल फ्लास्कमध्ये ओततात, वर चिठ्ठी लावतात, 'मिक्स्ड, पुन्हा कॉलम', आणि फ्रीजमध्ये ठेवतात. कोणत्याही विभागाचा फ्रीज उघडून पाहा, मागच्या कप्प्यात असे फ्लास्क आहेत ज्यांचे मालक आता प्राचार्य झाले आहेत. शाई उडालेली आहे, टाकून द्यायची हिंमत कुणात नाही, कारण पुढचा कॉलम आपण लावणार आहोत असं प्रत्येकाला अजूनही वाटतं.

कॉलम झटपट उरकण्याचा मार्ग १९७८ साली अमेरिकेत क्लार्क स्टिल यांनी, कान आणि मित्रा या सहकाऱ्यांसह, प्रसिद्ध केला: सिलिका बारीक घ्यायची आणि वरून हवेचा दाब द्यायचा. फ्लॅश क्रोमॅटोग्राफी. रात्रभराचं काम पाऊण तासात. आपल्याकडे दाबाची हवा कुठून आणायची, तर माशांच्या काचपेटीत बुडबुडे सोडणारा पंप. स्वस्त, छोटा, बाजारात सहज मिळतो. एका महाविद्यालयात याचं बिल लेखा विभागात गेलं आणि शेरा येऊन परत आलं: 'रसायनशास्त्र विभागाने मासे केव्हा व कोणाच्या परवानगीने पाळले, याचा खुलासा करावा.' विभागानं प्रामाणिकपणे कळवलं की मासे नाहीत. त्यावर दुसरा शेरा आला: 'मग पंप कशासाठी?' हा पत्रव्यवहार चालू असेपर्यंत फ्लॅश क्रोमॅटोग्राफीचा वेग साध्या कॉलमपेक्षा कमीच भरला.

हे सगळं टाळून स्फटिकीकरणानं काम भागलं तर सोन्याहून पिवळं. गरम सॉल्व्हंटमध्ये पदार्थ विरघळवा, थंड करा, शुद्ध स्फटिक खाली येतात, घाण वर राहते. 'थंड करा' म्हणजे पुन्हा 'रूम टेम्परेचरला आणा'. तिथे आमचा पदार्थ स्फटिक न होता बुडाशी तेलासारखा बसतो. मग काचेच्या कांडीनं आतून ओरखडे काढायचे, मागच्या खेपेचा एखादा स्फटिक बियाणं म्हणून टाकायचा, काहीजण उदबत्तीही लावतात.

स्फटिकांच्या बाबतीत सगळ्यात भाग्यवान माणूस लुई पाश्चर. १८४८ साली, पंचविशीत, त्यानं सोडियम अमोनियम टार्टरेटचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. काहींची बाजू उजवीकडे, काहींची डावीकडे, एकमेकांची आरशातली प्रतिमा. चिमटा घेऊन त्यानं ते, सुपात तांदूळ निवडावेत तसे, दोन ढिगांत निवडले आणि त्यांचं द्रावण केल्यावर एक ढीग ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवतो, दुसरा डावीकडे. म्हातारे भौतिकशास्त्रज्ञ बियो यांना खरं वाटेना. त्यांनी पाश्चरला बोलावून सगळा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा करायला लावला. बहिःस्थ परीक्षक सगळीकडे सारखेच. पण यातली गोम पुढे कळली. हे क्षार साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या खालीच असे सुटे स्फटिक देतात. त्याच्या वर दोन्ही प्रकार एकाच स्फटिकात शेजारी-शेजारी बसतात आणि जगातला कुठलाही चिमटा त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणजे पाश्चर पॅरिसऐवजी अकोल्यात असता आणि महिना एप्रिल असता, तर त्रिमितीय रसायनशास्त्राची सुरुवात किमान डिसेंबरपर्यंत लांबली असती, आणि मार्गदर्शकांनी त्याला दरम्यान विषय बदलायला सांगितलं असतं.

एकच पद्धत वऱ्हाडच्या हवेला दबत नाही: वाफेचं ऊर्ध्वपातन. वरुड-मोर्शीची संत्री घ्या, साली पाण्यात टाकून उकळा. लिमोनीन हे सालीतलं मुख्य तेल एकटं उकळायला १७६ अंश मागतं, पण पाण्याच्या वाफेसोबत शंभराच्या आतच निघून येतं आणि वर तरंगतं. हा प्रयोग विद्यार्थी कधी चुकवत नाहीत. त्याला साली लागतात आणि साली मिळवायच्या तर आधी संत्री संपवावी लागतात. ती प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, नियम पाळून, अत्यंत काटेकोरपणे संपवली जातात.

शुद्ध झालेला चौदा मिलिग्रॅमचा ऐवज मग एनएमआरसाठी बाहेर पाठवायचा. वऱ्हाडातल्या किती प्रबंधांच्या ऋणनिर्देशात चंदीगड आणि लखनौची नावं आहेत ती पाहा. इथल्या पोरांनी ती शहरं पाहिलेली नाहीत, पण त्यांची कुरिअरची वेळापत्रकं पाठ आहेत. छोटी कुपी, वर कापूस (औषधाच्या दुकानातला), डबीत डबी. काही आठवड्यांनी स्पेक्ट्रम येतो. १.२६ ला ट्रिपलेट, २.०५ ला सिंगलेट, ४.१२ ला क्वार्टेट. इतकी रेखीव, इतकी निर्मळ शिखरं विद्यार्थ्यानं आयुष्यात पाहिलेली नसतात. हा इथाइल ॲसिटेटचा स्पेक्ट्रम आहे. नीट न वाळवलेल्या नमुन्यात उरलेला सॉल्व्हंट शेकडो किलोमीटरचा प्रवास करून, सरकारी यंत्रावर स्वतःची ओळख पटवून परत आलेला असतो. आपला पदार्थ तळाशी, रेषेच्या जाडीत कुठेतरी असतो.

काचेची भांडी धुण्याचं तर बोलूच नये. पाच जिल्ह्यांचं आमचं विद्यापीठ १९८३ साली स्थापन झालं आणि त्याला नाव आहे संत गाडगेबाबांचं, हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या माणसाचं. त्या नावाखाली पदवी घेणारा मुलगा बेसिनमध्ये डांबर चिकटलेले फ्लास्क आठवडाभर 'भिजत' ठेवतो, तेव्हा परिचर मामा काहीच बोलत नाहीत. ते फक्त कोपऱ्यातला खराटा उचलून त्याच्या टेबलाला टेकवून ठेवतात.

गंमत अशी की वेगळं करण्याच्या कामात हा मुलूख अडाणी अजिबात नाही. जिनिंगमध्ये कापूस जातो, तीन वाटे धरले तर एक वाटा रुई निघते, दोन वाटे सरकी. सरकीचं कच्चं तेल लालसर-काळं असतं, कारण त्यात गॉसिपोल नावाचं विषारी रंगद्रव्य उतरलेलं असतं. तेलाच्या रिफायनरीत त्यावर कॉस्टिक सोडा सोडतात. आम्लं आणि गॉसिपोल साबणाच्या गाळाबरोबर बाहेर जातात, मग पाण्यानं धुणं, मग रंग शोषणारी माती, मग निर्वातात वाफ सोडून वास घालवणं. आम्ही सेपरेटिंग फनेलमध्ये, कॉलममध्ये आणि सॉल्व्हंट उडवणाऱ्या रोटाव्हेपरवर जे करतो तेच हे, नेमक्या त्याच क्रमानं, टनांत. तिथे कुणी 'पुन्हा कॉलम' अशी चिठ्ठी लावत नाही. आणि तेल काढून उरलेली ढेप? ती फेकत नाहीत. म्हशी खातात, व्यापारी साठवतात, आणि एनसीडीईएक्सच्या वायदे बाजारात सरकीच्या ढेपेच्या सौद्याचं मूळ केंद्र म्हणून अकोल्याचं नाव लागलं. अकोल्यानं जे वेगळं काढून बाजूला ठेवलं, त्याचा भाव मुंबईत पडद्यावर झळकतो. आमच्या विभागानं वेगळं काढून बाजूला ठेवलेलं अजून फ्रीजमध्ये आहे.

वऱ्हाडात पीएच.डी. करणारं पोर घरात असलं की लग्नकार्यात मामा-मावशा त्याला घेरतात: "काय बनवतं बापू तू? झालं का नाई अजून?" बनवून केव्हाच झालेलं असतं, पहिल्याच रात्री. म्हणून वाचकांना विनंती आहे, त्याला विचारायचंच असेल तर "सिंगल स्पॉट आला का?" एवढंच विचारा, आणि तेही जूननंतर, एखादा पाऊस पडून गेल्यावर. मे महिन्यात विचारू नका. मे महिन्यात त्याला घरचा कूलरचा पंप नेऊ द्या.